कूलर बरा की ॲपवाला एसी?

नागपुरात मे महिन्यात पारा ४५च्या आसपास गेला की आमच्या घरात दोन पक्ष पडतात. हॉलमध्ये जुना लोखंडी कूलर, बेडरूममध्ये मोबाइलवर चालणारा नवा एसी.

एसी गार करतो, वादच नाही. पण परवा भर दुपारी रिमोटचे सेल संपले. ॲप उघडलं, तर म्हणे आधी अपडेट करा. मग पासवर्ड. मग ओटीपी, आणि तो येईपर्यंत वायफाय गायब! वीस मिनिटं घाम पुसत मी स्क्रीनवर गरगरणारं चक्र बघत बसलो. शेवटी टीव्हीच्या रिमोटचे सेल काढून घातले, तेव्हा कुठे गार हवा आली.

कूलरला बटणं दोनच, पंखा आणि पंप. ताट्या भिजल्या की वाळ्याचा वास घरभर पसरतो, आणि समोर चटई टाकून पडलं की डोळा कधी लागतो कळत नाही. दीड टनी एसी दीड हजार वॅटच्या घरात वीज खातो, कूलरचं साधारण दोनशेत भागतं.

कुरकुर त्याचीही आहेच. रोज बादल्या ओता, आठवड्याला टाकी घासा, नाहीतर डास. शिवाय पाण्याची वाफ व्हायला हवा कोरडी लागते, म्हणून मुंबईच्या दमटपणात तो निरुपयोगी. आमच्याकडेही जूनमध्ये पहिला पाऊस पडला की कूलर फक्त चिकचिक वाढवतो.

तोवर माझं मत कूलरला. त्या ॲपचा पासवर्ड मात्र जूनआधी कुठेतरी लिहून ठेवायला हवा.