आठ महिन्यांची कॅम्पर व्हॅन: बेळगावच्या पी.बी. रोडपासून भावनगरच्या ओहोटीपर्यंत

गेल्या दसऱ्याला झेंडूचा हार घालून गाडी दारात आणली. जुनी डिझेल व्हॅन, आत दोन माणसांचा पलंग, गॅस, सिंक, फ्रिज. आरसीवर कॅम्पर व्हॅन अशी नोंद होईपर्यंत गाडी हलवायची नाही, हे पहिल्यापासून पक्कं होतं. सीट काढून पलंग टाकणं हासुद्धा कायद्यानं गाडीतला बदलच. नोंद नसताना अपघात झाला तर विमावाला हात वर करायला मोकळा.

वीज मजबूत आहे. 12 व्होल्टची 200 अँपिअर-अवर लिथियम बॅटरी, म्हणजे अडीच युनिट. टपावर 400 वॅटचं सोलर. जानेवारीत फ्रिज, पंखा, दिवे, मोबाईल सगळं भागून उरत होतं. आता जूनमध्ये बेळगावच्या झडीत पॅनेल नुसतं धुऊन निघतंय. म्हणून इंजिनावरून बॅटरी भरणारा चार्जर आधीच बसवून घ्या. सोलरवाला तो सांगणार नाही.

पाण्याचं मात्र चुकलं. बांधणाऱ्यानं 100 लिटरची टाकी मागच्या चाकांच्याही मागं टाकली. भरली की शंभर किलो शेपटावर, आणि आंबोलीच्या वळणांवर स्टिअरिंग हलकं लागायला लागलं. त्यात निपाणीच्या अलीकडं पंपाचा सांधा सुटला आणि गादी भिजली. तक्रार केली तर “क्लिप टाईट करा की ओ” एवढंच उत्तर. आता घाटात टाकी अर्धीच ठेवतो आणि मुक्कामाला पोचल्यावर भरतो.

खरी परीक्षा जानेवारीत झाली. आम्हा बेळगावकरांचा समुद्र म्हणजे गोवा, वेंगुर्ला, फार तर कारवार. तिथं उधाणाला पाणी दोनेक मीटर चढतं-उतरतं, पण त्यासाठी कुणी घड्याळ बघत नाही. भावनगरला हाच फरक दहा मीटरच्या आसपास जातो, म्हणजे तीन मजली घर. सुरतेजवळच्या हजीऱ्याहून भावनगरजवळच्या घोघ्याला 2020 पासून रो-रो बोट आहे. खंभातच्या आखाताला वळसा घालून रस्त्यानं जायचं तर 370 किलोमीटर, बोटीनं 90च्या आसपास. गाडी बोटीत चढवली आणि आम्ही वर चहा घेत बसलो.

भावनगरहून कोळियाकला गेलो. तिथं निष्कलंक महादेव भर समुद्रात आहे. पाच शिवलिंगं, प्रत्येकापुढं नंदी. भरतीला सगळं बुडतं आणि पाण्यावर फक्त खांब आणि ध्वज उरतो. आईचं माहेर वेंगुर्ल्याचं, त्यामुळं मामाचा हिशोब तोंडपाठ: तिथीची पाऊणपट काढली की भरतीची वेळ मिळते. त्या दिवशी तृतीया होती. तीनाची पाऊणपट सव्वादोन, म्हणजे रात्री सव्वादोनला भरती आणि सकाळी साडेआठला सुकती, म्हणजे ओहोटी. मी आठलाच चप्पल काढून किनाऱ्यावर, तर समोर तांबूस-राखाडी पाणी काठोकाठ.

“काय ओ, तुमच्या मामाचा समुद्र वेगळा दिसतोय,” ही म्हणाली.

वेगळाच निघाला. खंभातचं आखात म्हणजे नरसाळं. तोंड रुंद आणि आत अरुंद, उथळ. भरतीची लाट आत शिरते तशी चेपून वर चढते, आणि आतपर्यंत पोचायला मुंबईपेक्षा काही तास उशीरही करते. चहाच्या टपरीवाल्यानं हातानंच दाखवलं: बारानंतर. साडेबाराला किलोमीटरभर चालत महादेवापर्यंत गेलो. पाण्याचा मागमूस नव्हता. होता तो पोटऱ्यांपर्यंतचा गाळ, ओल्या सिमेंटसारखा.

त्या दिवशी गाडीतल्या कुठल्या वस्तू कामाच्या ते कळलं. फ्रिज नव्हे, जरी त्यात बेळगावचा कुंदा आठवडाभर टिकला. दाराबाहेरचा हातशॉवर, एक बादली आणि कॉयरचं पायपुसणं या तिघांनी घर वाचवलं. आणि चार लाकडी पाचरी. खानापूरच्या वखारीतून कापून घेतल्या होत्या, त्या रोज रात्री चाकाखाली जातात. उतारावर झोपलं की सकाळी दोघंही एका कडेला.

गाडी किनाऱ्याच्या ओल्या पट्ट्यात अजिबात नेऊ नका. पंक्चर एकवेळ निघेल, पण गाळात बसलेली अडीच-तीन टनांची गाडी सहा तासांत पाण्याखाली जाईल. मी गावाच्या बाजूला कठीण जमिनीवर लावली. रात्री दोनदा उठून टॉर्च मारला, हेही सांगून टाकतो.

अलंगला बाहेरूनच चक्कर मारली. मोडीत निघालेली जहाजं तिथं मोठ्या भरतीच्या पाण्यावर पुरत्या वेगानं किनाऱ्यावर चढवतात. जहाज किनाऱ्याला लावायला गोदी लागत नाही, समुद्रच आणून ठेवतो. 1983 पासून हा धंदा चालू आहे.

बेळगावच्या, म्हणजे कर्नाटकातल्या, केए 22 पाट्यांची गंमत वेगळी. कोल्हापुरात हवालदार हिंदीत सुरू झाला. मी मराठीत उत्तर दिल्यावर त्यानं आधी पाटी बघितली, मग मला. गुजरातेत कुणालाच फरक पडला नाही.

परत आल्यावर गाडीचं खालचं अंग गोड्या पाण्यानं धुतलं, तरी मार्चमध्ये पायरीच्या ब्रॅकेटला गंज दिसलाच. समुद्राकडं जाण्याआधी अंडरकोटिंग करून घ्या, नंतर नको. टाकी पुढं घ्यायचं काम पावसाळ्यानंतर काढणार आहे, दुसऱ्या माणसाकडं. परवा सरकत्या दाराचा रेल खरवडला, तर मूठभर राखाडी गाळ निघाला. ही म्हणाली तुळशीत टाका. मी म्हटलं, खारट आहे तो.