लामू की बागामोयो? वाटाड्या घेऊन पायी फिरायचं तर कुठलं गाव

पूर्व आफ्रिकेची सहल म्हटली की आपल्याकडचा कार्यक्रम ठरलेला: मसाई मारा नाहीतर न्गोरोन्गोरोची प्राणी बघायची सफारी, आणि शेवटी झांझिबारचा समुद्र. चार दिवस जीपमध्ये बसून कंबर धरली की वाटायला लागतं, आता एखादं छोटं गाव चालत बघावं, तिथल्याच कुणाला तरी बरोबर घेऊन. अशा वेळी दोन नावं समोर येतात, केनियातलं, बेटावरचं लामू आणि टांझानियातलं बागामोयो. दोन्ही स्वाहिली किनाऱ्यावरची, दोन्हीकडे मशिदी, कोरीव दरवाजे आणि नारळाच्या रसातलं जेवण. फोटो बघून ठरवायला गेलात तर लामूच जिंकणार, म्हणून फोटो बाजूला ठेवा. वाटाड्या कशासाठी हवाय, हे आधी विचारा.

लामूत रस्ते नाहीतच म्हणा, बोळ आहेत. दोन्ही हात पसरले तर काही ठिकाणी दोन्हीकडच्या भिंतींना लागतात. गावात मोटारी जवळजवळ नाहीत. वाळू, दगड, सिमेंट सगळं गाढवांवरून जातं. ‘पुंडा’ म्हणजे गाढव. हा शब्द मागून ऐकू आला की निमूट भिंतीला चिकटायचं. सातशेहून जास्त वर्षं इथे अखंड वस्ती आहे आणि २००१ पासून जुनं गाव जागतिक वारशाच्या यादीत आहे. पण ते संग्रहालय झालेलं नाही, लोक राहतात तिथे. म्हणूनच वाटाड्या लागतो. प्रवाळाच्या दगडाच्या या घरांना बोळाकडून नुसती कोरी भिंत दिसते. दाराशी दोन्ही बाजूंना दगडी ओटे, त्यांना ‘बराझा’ म्हणतात. अनोळखी पाहुण्याची बोळवण तिथेच होते. आत जायचं तर ओळखीचा माणूस हवा.

आणि आत जाण्यासारखं आहे. जुन्या घरांत भिंतभर चुन्याचे कोनाडे असतात, त्यात चिनी मातीची भांडी मांडायची पद्धत. मला सगळ्यात आवडलं ते न्हाणीघरातलं पाण्याचं टाकं. त्यात छोटे मासे सोडलेले असत, डासांच्या अळ्या खायला, आणि पाणी उपसून कमी झालं तरी माशांना जागा राहावी म्हणून तळाशी एक चिनी वाडगा बसवलेला. आपल्याकडे पालिका हौदात गप्पी मासे सोडते, अगदी तेच. गावातल्या स्वाहिली घराच्या छोट्या संग्रहालयात ही सगळी रचना नीट बघता येते. लामूत वाटाड्या एक सकाळ पुरे. दुसऱ्या दिवशी एकटे फिरा, हरवा. चुकलात तर उतार धरून समुद्राकडे यायचं. किनाऱ्याने तीनेक किलोमीटर चाललात की शेला गाव येतं.

बागामोयोत याच्या बरोबर उलट. एकटे गेलात तर पडक्या भिंती, उन्हात तापलेला रस्ता आणि मासळीबाजार बघून तासाभरात परत याल आणि म्हणाल, यात काय होतं? टांगानिका सरोवराकडून हस्तिदंत आणि गुलाम घेऊन येणारे तांडे जिथे समुद्राला लागायचे ते हे बंदर. काही वर्षं जर्मन पूर्व आफ्रिकेची राजधानीही इथेच होती. १८९१ मध्ये ती दार-एस-सलामला गेली आणि बागामोयो मागे पडलं. इथे जे आहे ते बहुतेक गोष्टींतच उरलंय. म्हणून सांगणारा चांगला हवा, आणि दिवसभर हवा.

मराठी माणसाला तर या गोष्टींत आपली माणसं भेटतात. १ मे १८७३ ला स्कॉटिश मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन आजच्या झांबियात वारला. त्याचं शव वाळवून, बांधून त्याच्या आफ्रिकी साथीदारांनी शेकडो मैल वाहत इथवर आणलं. फेब्रुवारी १८७४ मध्ये ते बागामोयोच्या कॅथलिक मिशनमध्ये ठेवलं होतं. या माणसांपैकी चुमा मुंबईत मिशनच्या शाळेत शिकलेला. जेकब वेनराइट नाशिकच्या शरणपूरच्या शाळेतला, गुलामीतून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांसाठीच्या. लिव्हिंग्स्टनच्या मृत्यूचा लेख झाडाच्या खोडावर कोरला तो यानेच. नाशिकचा शरणपूर रोड रोज तुडवणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल! आणि पत्रकार स्टॅन्ली १८७१ मध्ये लिव्हिंग्स्टनला शोधायला इथूनच निघाला, तेव्हा तांड्यातल्या म्होरक्यांपैकी एकाचं नाव होतं सिदी मुबारक बॉम्बे. लहानपणी पकडून हिंदुस्थानात विकला गेलेला, मालक वारल्यावर सुटून झांझिबारला परतलेला. त्या काळचा सगळ्यात नावाजलेला वाटाड्या, आणि त्याच्या नावात मुंबई.

गावात इंडिया स्ट्रीट आहे, सेवा हाजी या खोजा (इस्माइली मुसलमान) व्यापाऱ्याने बांधवून दिलेली शाळेची इमारत आहे. गावाच्या नावाचा अर्थ मात्र दोनदा विचारा. ‘इथे काळीज टाकून जा’ हा गुलामांच्या तोंडचा अर्थ बहुतेक वाटाडे सांगतात. ‘ओझं उतरवा, जीव शांत करा’ हा हमालांच्या तोंडचा अर्थही आहे. जो दोन्ही सांगतो तो माणूस चांगला. मला एकदा पाऊण तासात सगळं घडाघडा म्हणून थेट लाकडी जिराफांच्या दुकानात नेऊन उभं करणारा भेटला होता. तेव्हा आधी विचारून घ्या: कुठे कुठे नेणार, किती वेळ, किती पैसे, आणि दुकान नको. लामूच्या धक्क्यावर उतरल्या उतरल्या मागे लागणाऱ्यांनाही हेच. राहत्या घराच्या मालकाकडून माणूस ठरवणं बरं.

पोचायला बागामोयो सोपं. दार-एस-सलामपासून सत्तरेक किलोमीटर, सकाळी जाऊन संध्याकाळी परत. मिशन गावाबाहेर, काओलेचे मशिदीचे अवशेष पाचेक किलोमीटर लांब, तेवढ्यापुरती तीनचाकी करा. तिला तिथे ‘बजाजी’ म्हणतात, पुणेकरांनी खुशाल कॉलर ताठ करावी. लामूला नैरोबीहून विमान, ते उतरतं शेजारच्या मांडा बेटावर, पुढे होडी. तीन रात्री नसतील तर जाऊ नका. सोमालियाची सीमा जवळ असल्यामुळे त्या जिल्ह्यासाठी अधूनमधून सुरक्षेच्या सूचना निघतात. त्या बघूनच तिकीट काढा, आणि रस्त्याने जाऊ नका.

शाकाहारी असाल तर लामू थोडं उजवं. ‘म्बाझी’ म्हणजे आपली तूरच, नारळाच्या दुधात शिजवलेली, सोबत वेलचीचा वास असलेली फुगीर माहाम्री, म्हणजे तळलेला गोडसर पाव. सकाळच्या न्याहारीला हे मिळालं की दुपारपर्यंत भूक नाही. बागामोयोत किनाऱ्यावर तळलेल्या मासळीचं राज्य. तुम्हाला भात, चपाती, घेवडा आणि कचुंबरी. दोन्हीकडे खांदे-गुडघे झाकलेले कपडे घाला. रमजानात दिवसा चहाही शोधावा लागेल, आणि एप्रिल-मे पावसाचे.

किनाऱ्याकडे जाणारच नसाल, तर आरुशाहून न्गोरोन्गोरोला जाताना वाटेतच म्टो वा म्बू हे गाव लागतं. भातखाचरं, केळीच्या बागा, माकोंडे जमातीचं लाकडी कोरीवकाम, केळ्याची दारू. तिथे लोकांच्या परसातूनच चालायचं असतं, त्यामुळे गावचा माणूस घेतल्याशिवाय फिरू नये. अर्धा दिवस मजेत जातो, मुलंही कंटाळत नाहीत.

आई-वडील बरोबर असतील तर मी बागामोयो म्हणेन, सपाट आहे आणि दमले की बजाजी आहे. लामूत जुन्या घरांचे जिने उभे, बोळात गाढवांचं शेण, होडीतून चढउतार. दोघंच असाल, हातात आठवडा असेल, तर लामू. आणि नाशिकचे असाल तर बागामोयोच्या मिशनमध्ये वाटाड्याला जेकब वेनराइटबद्दल विचारा. त्याला माहीत नसेल तर तुम्ही सांगा.