उजळाईवाडीहून कोल्हापूर: रिक्षा की बस?

कोल्हापूरचा उजळाईवाडी इथला विमानतळ १९३९ सालचा, छत्रपती राजाराम महाराजांच्या काळातला. शहरापासून जेमतेम नऊ-दहा किलोमीटर. लहान असल्यानं बाहेर पडायला वेळ लागत नाही, प्रश्न पुढचाच.

रिक्षा किंवा टॅक्सी दारातून निघते, शिवाजी विद्यापीठावरून राजारामपुरीत उतरवते. सोबत आई-वडील, बॅगा असतील तर दुसरा विचारच नको. फक्त भाडं बसण्याआधी ठरवा.

बस स्वस्त, पण त्यासाठी महामार्गापर्यंत जावं लागतं आणि तिथं वाट पाहायची तयारी हवी. एकटे असाल, पाठीवर एकच सॅक असेल, तर मी बसच सुचवेन. रात्री मात्र नाही.

पुढं गावी एसटीनं जायचं असेल तर रिक्षावाल्याला थेट मध्यवर्ती बसस्थानक सांगा. रेल्वे स्टेशनही तिथून जवळच आहे.