मर्क्युरी यानाची चालती प्रतिकृती: उद्यमनगरातील एका वर्कशॉपच्या कामाचा अनुभव

आमच्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी आम्ही कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील एका छोट्या वर्कशॉपकडून अमेरिकेच्या मर्क्युरी या एका माणसाच्या अंतराळयानाची, एक बाजू उघडी ठेवलेली, एक चतुर्थांश मापाची चालती प्रतिकृती करून घेतली. साडेअकरा हजार रुपये खर्च आला आणि काम ठरल्या तारखेनंतर नऊ दिवसांनी हाती पडले. उशीर सोडला तर काम मनापासून आवडले.

यानाच्या आत हवा कशी फिरते हे मुलांना डोळ्यांनी दिसावे, एवढीच आमची मागणी होती. जेमतेम 1.7 घनमीटर जागेत बसलेल्या अंतराळवीराला पंखा गारव्यापेक्षाही श्वासासाठी लागत असे. वजनरहित अवस्थेत गरम हवा वर चढत नाही, त्यामुळे सोडलेला श्वास तोंडासमोरच साचतो, आणि टाकीत ऑक्सिजन भरपूर असला तरी माणूस स्वतःच्याच कार्बन डायऑक्साइडने गुदमरू शकतो.

हे जमिनीवर दाखवायचे कसे, हाच खरा पेच होता, कारण उदबत्तीचा धूर इथे सरळ वर जातो. मी ही अडचण सांगितली तेव्हा मिस्त्री क्षणभर थांबले आणि म्हणाले, "सर, मग धूर गार करून सोडूया की." त्यांनी तांब्याच्या बारीक नळीचे वेटोळे गार पाण्याच्या पातेल्यात बुडवले आणि तिचे टोक बाहुलीच्या तोंडाशी आणले. पंखा बंद असताना पांढरा धूर बाहुलीच्या चेहऱ्याभोवती तसाच रेंगाळतो. खटका दाबला की चार-पाच सेकंदांत तो ओढला जातो. हे पाहताना सातवीतली मुले अगदी गप्प झाली होती.

मर्क्युरीमध्ये केबिनचा पंखा वेगळा आणि अंतराळवीराच्या पोशाखातील हवेचा फेरा वेगळा होता, ही गोष्ट प्रतिकृतीत दोन रंगांच्या नळ्यांनी स्पष्ट केली आहे. केबिनमध्ये समुद्रसपाटीच्या सुमारे एक तृतीयांश दाबाचा शुद्ध ऑक्सिजन असे. पोशाखात तो धडाजवळून शिरे, हातापायांपर्यंत पोहोचून शिरस्त्राणातून बाहेर पडे आणि मग कचरा अडवणारी जाळी, पंखा, कार्बन डायऑक्साइड शोषणारा लिथियम हायड्रॉक्साइडचा डबा, उष्णता काढणारा भाग आणि घाम टिपणारा स्पंज असा प्रवास करून परत येई. स्पंज ठरावीक वेळाने दट्ट्याने पिळला जाई. तो दट्ट्या इथे खरोखर चालतो आणि पिळलेले पाणी छोट्या बाटलीत पडते. हा या कामातील सर्वांत सुंदर तुकडा आहे.

उष्णता काढणारा भाग मात्र नुसता रंगवलेला डबा आहे, आणि ते मला खटकले. तिथे पाण्याची वाफ करून ती निर्वातात सोडली जाई. ऑक्टोबर 1962 मध्ये मर्क्युरीतून गेलेले अंतराळवीर वॉली शिरा यांचा पोशाख तापू लागला तेव्हा त्यांनी याच पाण्याची झडप थोडी थोडी फिरवत तापमान आटोक्यात आणले होते. निदान फिरणारी एक चकती तरी हवी होती.

दुसरी चूक गंभीर होती. उतरताना बाहेरची हवा आत घेणारा व्हॉल्व्ह त्यांनी बोट लागताच उघडेल असा बसवला होता. मी प्रतिकृती परत नेली आणि मालकांना सोयुझ 11 या सोव्हिएत अंतराळयानाची हकीकत सांगितली. जमिनीजवळ आल्यावरच उघडायचा असा व्हॉल्व्ह 30 जून 1971 रोजी यानाचे भाग सुटे होताना, सुमारे 168 किलोमीटर उंचीवर उघडला, केबिनमधील हवा निघून गेली आणि दोब्रोवोल्स्की, वोल्कोव्ह व पात्सायेव्ह हे तिघेही अंतराळवीर मरण पावले. त्यांच्या अंगावर हवेचा दाब टिकवून धरणारे पोशाख नव्हते. पुढे ते सक्तीचे झाले, आणि 3 एप्रिल 1984 रोजी राकेश शर्मा सोयुझमधून गेले तेव्हा त्यांच्याही अंगावर तसाच पोशाख होता. मालकांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. दोन दिवसांत त्यांनी व्हॉल्व्हला स्प्रिंगची खिटी लावली आणि ती उंचीच्या तबकडीला जोडली. काटा 20 हजार फुटांच्या खाली आल्याशिवाय आता ती सुटत नाही. या दुरुस्तीचे त्यांनी पैसे घेतले नाहीत.

असे काम द्यायचे असेल तर प्रत्येक भाग कशासाठी आहे हे मिस्त्रींसमोर बसून सांगा. नुसते चित्र देऊन येऊ नका. पायथ्याच्या अॅक्रिलिकच्या सांध्यातून अजून थोडा धूर निसटतो, म्हणून सोमवारी मी प्रतिकृती पुन्हा तिकडे घेऊन जाणार आहे.