एमएस पेशंटसाठी घरची नर्सिंग सर्व्हिस: आठेक महिने वापरून झाल्यावर

आधीच सांगते, हा घरी नर्स-मावशी पुरवणाऱ्या कुठल्या एका ब्युरोचा रिव्ह्यू नाही, त्यामुळे नाव विचारू नका. मी स्वतः एमएसची, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस या मेंदू-मज्जारज्जूच्या आजाराची पेशंट, पंचेचाळिशी ओलांडलेली, राहायला नाशिकच्या इंदिरानगरला. घरात भिंतीला धरून चार पावलं, बाहेर व्हीलचेअर. पावसाळ्यात चालणं अजून उतरलं तेव्हा घरच्यांनी ठरवलं की आता माणूस ठेवायचाच. तेव्हापासून जे जे ठेवलं, विकत घेतलं, परत केलं ते सगळं लिहितेय, लांबलंय, चहा घेऊन बसा.

सुरुवात बारा तासांच्या मावशीपासून. महिन्याला वीसेक हजार, ब्युरोचं कमिशन वेगळं. ब्युरोवाला म्हणाला एकदम ट्रेनिंग घेतलेली आहे. ट्रेनिंग म्हणजे काय तर आधी दोन पॅरालिसिसचे पेशंट सांभाळलेत. आता मावशी वाईट होत्या असं अजिबात नाही, स्वभावाने गरीब, घरात मिसळून जाणाऱ्या, पण त्यांना एमएस म्हणजे काय हे कुणी सांगितलेलंच नाही. सकाळी मी ओट्यापर्यंत चालत जाऊन स्वतःचा चहा करायचे आणि दुपारी चारला चमचा धरता येत नाही, हे बघून त्यांना वाटायचं ताई नाटक करतात. एकदा तर सासूबाईंना हळूच विचारलं, “सकाळी तर चांगल्या होत्या की हो?” एमएसची थकावट ही भारनियमनासारखी असते, काम कमी केलं म्हणून लाइट येत नाही आणि जायच्या आधी कुणी कळवतही नाही. साधारण दहातल्या आठ पेशंटना ती असते आणि बाहेरून दिसत काहीच नाही.

दुसरं म्हणजे मावशी सगळंच करायच्या. केस विंचरणं, बटणं लावणं, पोळीचे तुकडे करून देणं. घरच्यांना वाटे वा काय सेवा! मला पहिले पंधरा दिवस बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण हाताची सवयच सुटली, दिवाळी येईपर्यंत कंगवा धरला की हात भरून यायला लागला. बरं एक मावशी रुळतेय तोवर ब्युरो न सांगता दुसरी पाठवणार, मग परत पहिल्यापासून, की काखेत हात घालून उचलायचं नाही, खांदा निखळतो, डावा पाय कमजोर आहे, अंघोळीचं पाणी कोमट. फोन केला की ठरलेलं उत्तर, मॅडम गावाला गेली. रात्रीचीही एक ठेवून बघितली. ती माझ्या आधी झोपायची. बंद केली.

फरक पडला तो सिस्टरमुळे. माझ्या फिजिओनेच नंबर दिला, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेल्या, बरीच वर्षं हॉस्पिटलात वॉर्ड सांभाळलेल्या, आता घरी व्हिजिट करतात. आठवड्यातून एकदाच, तासभर. म्हटलं तासाभरात काय करणार? पहिल्या दिवशी बीपीचं मशीन बाहेर काढायच्या आधी त्यांनी विचारलं, “रात्री लघवीला किती वेळा उठता? झाल्यावर सुटल्यासारखं वाटतं का, की परत लगेच जावंसं वाटतं?” इतक्या वर्षांत डॉक्टरांनी एमआरआय बघितले, हातापायाची ताकद बघितली, हा प्रश्न असा सरळ कुणी विचारला नव्हता आणि आपणही बायका कुठे स्वतःहून बोलतो.

एमएसमध्ये मूत्राशयाची दोन्हीकडून पंचाईत असते, घाई लागते आणि पूर्ण रिकामंही होत नाही. मग आपण सगळ्या करतो ते म्हणजे पाणी तोडायचं, कुठे लग्नाला जायचं तर सकाळपासून दोन घोट. त्याने लघवी अजून घट्ट, इन्फेक्शन, वर बद्धकोष्ठ. सिस्टरनी सांगून न्यूरोलॉजिस्टकडून सोनोग्राफी लिहून घेतली, लघवी केल्यावर आत किती उरते ते बघायला. माझी शंभर एमएलच्या बरीच वर उरत होती. मग सीआयसी, म्हणजे ठराविक वेळाने स्वतःच कॅथेटर घालून रिकामं करायचं आणि नळी काढून टाकायची. ऐकून मी हादरलेच. मला वाटलं आता ती पिशवी लटकणार. पिशवी नाही, काही नाही. अमेरिकेत लॅपिडीस नावाच्या यूरोलॉजिस्टने १९७२ मध्ये हे दाखवून दिलं की घरच्या घरी हात साबणाने स्वच्छ धुवून केलं तरी चालतं, ऑपरेशन थिएटरसारखं सगळं निर्जंतुक लागत नाही, महत्त्वाचं काय तर तुंबू द्यायचं नाही.

शिकवायच्या दिवशी सिस्टरनी नवऱ्याला सरळ भाजी आणायला पाठवलं. मला पलंगाच्या कडेला बसवलं, पाठीला उशा, समोर हातआरसा, बाजूला टेबललॅम्प. हाताला थरथर असल्याने नळी टोकाला धरली की हलायची, तर त्यांनी टोकापासून दोन बोटं सोडून पेन्सिलसारखी धरायला लावली आणि कोपर मांडीवर टेकवायला सांगितलं. तेवढ्याने हात स्थिर. नंतर आरसाही काढून घेतला, “बोटाने अंदाज येतो, आरसा घेऊन लग्नाला जाणार का?” त्या महिन्यात मी बऱ्याच वर्षांनी रात्री सलग चार तास झोपले. थकावटीतली अर्धी तर नुसती झोपमोडीची होती म्हणायची! नवरापण माणसात आला.

थंडी सरता सरता एकदा दोन्ही पाय एकदम गेले. घरात सगळ्यांनी एमएसचा अटॅक, अटॅक म्हणून बॅग भरली, स्टेरॉइडचे सलाईन लावावे लागणार म्हणून. सिस्टर फोनवर म्हणाल्या आधी ताप बघा आणि युरीन रूटीन-कल्चरला द्या, न्यूरोलॉजिस्टनेही तेच सांगितलं. इन्फेक्शन निघालं. अँटिबायोटिक सुरू झाली आणि काही दिवसांत पाय होते तिथे आले. नवीन त्रास चोवीस तासांच्यावर टिकला आणि ताप-इन्फेक्शन नसेल तर खरा अटॅक धरतात, नाहीतर मेंदू-मज्जारज्जूतल्या जुन्याच जखमा तापाने डोकं वर काढतात. हे घरातल्या प्रत्येकाला पाठ पाहिजे.

उन्हाचंही तसंच. १८९० मध्ये उथॉफ नावाच्या जर्मन डॉक्टरने लिहून ठेवलंय की श्रम झाले की नजर अंधुक होते, ते अंग तापल्याने होतं हे पुढे कळलं. एमआरआय नव्हते तेव्हा गरम पाण्यात बसवून एमएस ओळखायचे म्हणे. आमच्या सासूबाईंना हे सांगितलं तेव्हा कुठे अभ्यंगस्नानाचं कडकडीत पाणी रद्द झालं, उटणं लावलं आणि कोमट घेतलं. बाकी नाशिकला थंड हवेचं म्हणायचे दिवस गेले, एप्रिल-मेमध्ये चाळीस सहज होतं. कूलिंग व्हेस्ट, म्हणजे थंड पॅक घातलेलं जाकीट, मागवलं होतं, महाग, जड, दोनेक तासांत पॅक गरम, पुन्हा फ्रीजर. विकून टाकलं. मानेवर ओला पंचा, टेबलफॅन आणि दवाखान्याची अपॉइंटमेंट सकाळची, एवढ्यावर निभावतं.

वस्तूंमध्ये एअर मॅट्रेस फसली. जे पेशंट स्वतः हलू शकत नाहीत त्यांना ती लागतेच, पण मी कुशीवर वळते आणि त्या हलत्या फुग्यांवर वळायलाच जमेना. सिस्टरनी ती काढायला लावून व्हीलचेअरला चांगली कुशन घ्यायला लावली, कारण माझा दिवस बसण्यात जातो, दाबाने जखम व्हायची ती तिथेच होणार. दर अर्ध्या तासाने पुढे झुकायचं, मग एकेका बाजूला, वजन उचलल्यासारखं. मोबाईलला अलार्म आहे, आता घरात तो वाजला की मुलगापण झुकतो, चेष्टेने.

पलंगावरून खुर्चीत जायचं तर ब्रेक, पायपट्ट्या वर, धडधाकट बाजूला खुर्ची, पाय मागे आणि सिस्टरचं वाक्य, “नाक पायाच्या बोटांवर आणा, मग उठा.” खरंच उठता येतं, मावशीने नुसता कमरेचा पट्टा धरायचा. पाय पायपट्टीवर टकटक उडायला लागला की टाच दाबून धरायची, थांबतो. बॅक्लोफेनची गोळी वाढवून पायांचा कडकपणा घालवावा असं मला वाटायचं, पण डोस वाढवल्यावर पाय असे लुळे पडले की उभंच राहता येईना, त्या कडकपणावरच मी उभी राहत होते. डॉक्टरांनी परत हळूहळू कमी केला. ही गोळी स्वतःच्या मनाने एकदम बंद करायची नाही, फिट येऊ शकते.

अपंगत्वाच्या सर्टिफिकेटचं राहिलंच. १९९५ च्या कायद्यात एमएस नव्हता, २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात आहे, २१ प्रकारांत. यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, काढून ठेवा.

सध्या मावशी फक्त सकाळचे तीन तास, तीही ब्युरोकडून नाही, ओळखीतली, सिस्टरनी स्वतः तयार केलेली. सिस्टर पंधरा दिवसांतून एकदा. खर्च निम्म्याहून खाली आला. ब्युरोकडून घेणार असाल तर माणूस बदलताना दोघी एक दिवस एकत्र येतील का आणि मागे खरी नर्स कोण आहे, हे दोन प्रश्न विचारा, समोरचा अडखळला की समजून घ्या. आणि जी तुमचं सगळं करून देते तिला चांगली म्हणायची घाई करू नका.

अडलंय ते रॅम्पवर. बिल्डिंगला दोन पायऱ्या, मिळून फूटभर उंची, एकास बारा उताराने बारा फूट लांबी लागते आणि पार्किंगवाले काका गाडी हलवायला तयार नाहीत. अंबडच्या फॅब्रिकेशनवाल्याने चार फुटी करून दिला, त्यावरून नवरा मला चढवतो तेव्हा शेजारचे दोघं लागतात. वळणाचा किंवा सुटा फोल्डिंग रॅम्प नाशिकमध्ये कुणी बसवून घेतला असेल तर सांगा, फोटोसकट.