द्राक्षाच्या कोल्ड रूमची मासिक देखभाल: एक अख्खा हंगाम काढल्यानंतरचा अनुभव

निफाड तालुक्यातल्या आमच्या पॅकहाऊसमध्ये दोन प्रीकूलिंग चेंबर (खुडलेला माल झटपट थंड करायच्या खोल्या) आणि दोन कोल्ड रूम (तो थंड ठेवायच्या खोल्या) आहेत. चारही ठिकाणी आर-४०४ए गॅसवर चालणारी, सेमी-हर्मेटिक कॉम्प्रेसरची युनिटं. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आम्ही त्यांच्या देखभालीचा वर्षभराचा करार केला. महिन्याला एक फेरी, हंगामाच्या तोंडावर एक मोठी सर्व्हिस आणि बिघाड झाला तर बोलावल्यावर येणं, असं त्याचं स्वरूप. त्याआधी आमच्याकडेही बहुतेक ठिकाणी चालतं तेच चालायचं. बंद पडलं की मेकॅनिकला फोन, तो आला की गॅस भरायचा, पुन्हा बंद पडेपर्यंत विसरायचं. आता शेवटचा कंटेनर न्हावा-शेवा बंदराकडे रवाना झालाय आणि रूम रिकाम्या आहेत, म्हणून सविस्तर लिहितोय. आधीच सांगतो, करार पुन्हा करणार आहोत, पण कागदावरच्या अटी बदलून.

द्राक्ष हा माल चूक पोटात घालत नाही. खुडा झाल्यापासून घडातली उष्णता जितकी लवकर काढाल तितका देठ हिरवा राहतो. प्रीकूलिंगला सहा-आठ तासांत मण्याच्या आतलं तापमान चार अंशांखाली आणायचं आणि मग शून्य ते एक अंशावर, ९० ते ९५ टक्के आर्द्रतेत ठेवायचं, हे गणित. युनिट बंद पडलं तर निदान कळतं तरी. खरा धोका ते चालू असून कमी काम करण्याचा असतो. सहा तासांचं काम दहा तासांवर जातं, पुढची गाडी बाहेर उन्हात थांबते, आणि पॅनेलवर सगळं ठीक दिसत असतं. देठ सुकल्याची तक्रार येते ती थेट युरोपातून, माल पोचल्यावर. त्यामुळे देखभालीकडे मी दुरुस्तीचा खर्च म्हणून बघत नाही. मालाच्या दर्जाचाच तो भाग आहे.

सगळ्यात जास्त फरक कुठे पडला म्हणाल, तर कंडेन्सरच्या, म्हणजे आतली उष्णता बाहेर टाकणाऱ्या युनिटच्या, कॉइलमध्ये. आमची बाहेरची युनिटं पॅकिंग हॉलच्या मागच्या भिंतीला आहेत. समोर कच्चा रस्ता, पिकअप आणि ट्रॅक्टरची ये-जा, आणि हॉलमधून उडणारी पुठ्ठ्याच्या पेट्यांची लव. ही लव फिनांवर, म्हणजे कॉइलच्या पातळ पत्र्यांवर, नमद्यासारखी बसते आणि तिच्यावर माती चिकटते. लांबून कॉइल फक्त जरा मळकी दिसते. करारातल्या पहिल्या सर्व्हिसला तंत्रज्ञाने मेन बंद करून वरचं पंख्याचं झाकण काढलं, कोरड्या मऊ ब्रशने वरची लव उतरवली आणि मग आतल्या बाजूने, म्हणजे हवेच्या प्रवाहाच्या उलट दिशेने, साध्या पाइपने पाणी मारलं. बाहेर आलं ते पाणी नव्हतं, काळपट चिखल होता. बाहेरून पाणी मारलं असतं तर हाच चिखल कॉइलच्या पोटात जाऊन बसला असता. गाड्या धुवायचं प्रेशर मशीन त्याने वापरू दिलं नाही, कारण त्याने ॲल्युमिनियमच्या फिना झोपतात आणि हवा कायमची अडते. ज्या आधीच वाकल्या होत्या त्या त्याने फिनांच्या कंगव्याने सरळ केल्या.

धुण्याआधी आणि धुतल्यावर गेज लावून आकडे घेतले. दुपारी बाहेर ३०-३२ अंश असताना आधी हेड प्रेशर (कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणाऱ्या गॅसचा दाब) ३१० पीएसआयच्या वर जात होतं, नंतर ते २७०च्या आसपास स्थिरावलं. टाँग टेस्टरवर (तारेभोवती धरून करंट मोजायचं यंत्र) कॉम्प्रेसरचा करंटही उतरलेला दिसला. ढोबळ हिशेब असा की कंडेन्सिंगचं (गॅसचा द्रव होण्याचं) तापमान एक अंशाने चढलं की विजेचा खप दोन-तीन टक्क्यांनी वाढतो, आणि या ४० पीएसआयचा अर्थ पाच-सहा अंश होतो. म्हणजे नुसत्या धुळीपायी आपण बिलात दहा टक्क्यांहून जास्त भरत असतो, वर कॉम्प्रेसर तापतो ते वेगळंच. आता हंगामात मासिक फेरीची वाट न बघता दर आठवड्याला आमचा ऑपरेटरच ब्रश फिरवतो.

दुसरी गोष्ट म्हणजे आकड्यांची वही, आणि माझ्या मते करारातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच. प्रत्येक फेरीला प्रत्येक युनिटचं सक्शन प्रेशर (कॉम्प्रेसरमध्ये येणाऱ्या गॅसचा दाब), हेड प्रेशर, सुपरहीट (कॉइलमधून निघणारा गॅस त्याच्या उकळबिंदूपेक्षा किती अंश जास्त गरम आहे तो आकडा), तिन्ही फेजचा करंट, तेलाची पातळी आणि रूमचं तापमान लिहायचं, बाहेरचं तापमान शेजारी नोंदवायचं. एका दिवसाचा आकडा फारसं काही सांगत नाही. तीन महिन्यांचे आकडे एका पानावर आले की युनिटचा कल दिसायला लागतो. दोन नंबरच्या कोल्ड रूमचा सुपरहीट आधी सहा अंशांच्या आसपास होता. पुढच्या फेरीला नऊ, त्यापुढच्या फेरीला चौदा. रूम शून्यावरच होती, अलार्म नव्हता, फक्त कॉम्प्रेसर पूर्वीपेक्षा जास्त वेळ चालत होता. लिक्विड लाइनच्या काचेत बुडबुडे दिसले, म्हणजे गॅस कमी. पूर्वीचा रिवाज असता तर सिलिंडर लावून गॅस भरला असता आणि बिल केलं असतं. या वेळी तंत्रज्ञाने आधी टॉर्च घेऊन तेलाचे डाग शोधले, कारण गॅस गळतो तिथून थोडं तेलही झिरपतं. लो प्रेशर स्विचच्या बारीक नळीच्या जोडापाशी बोटाला तेलकट लागलं. तिथे साबणाचं पाणी लावलं तर अगदी बारीक, एकसारखा फेस उठत राहिला. कॉम्प्रेसरच्या कंपनाने नळी पत्र्याला घासत होती आणि जोड ढिला झाला होता. जोड नवा केला, नळीला क्लॅम्प आणि रबर लावलं, लाइन व्हॅक्यूम केली, ड्रायर (लाइनमधला ओलावा शोषणारा भाग) बदलला आणि मगच वजन करून गॅस भरला. हे डिसेंबरमध्ये झालं. फेब्रुवारीत रूम भरलेली असताना झालं असतं तर काय, याचा विचारही नको वाटतो. आर-४०४ए वातावरणाला कार्बन डायऑक्साइडच्या जवळजवळ ४,००० पट तापवतो, त्यामुळे गळती न शोधता नुसता गॅस भरत राहणं मला तरी पटत नाही.

आतल्या युनिटांचं काम त्या मानाने किचकट. प्रीकूलिंगमध्ये ओला, गरम माल येतो, त्यामुळे कॉइलवर बर्फ भराभर धरतो. डिफ्रॉस्टचे, म्हणजे हा बर्फ वितळवणारे, हीटर चालू असल्याचा दिवा पॅनेलवर लागतो, पण त्याचा अर्थ फक्त हीटरकडे वीज सोडली एवढाच. तीनपैकी एक हीटर जळालेला असला तरी दिवा लागतोच. म्हणून हीटरचा करंट मोजायचा, हे कलम महत्त्वाचं. ड्रेनचं भांडं आणि नळी गरम पाण्याने मोकळी करायची, नाहीतर वितळलेलं पाणी तिथेच गोठतं आणि पंख्याच्या पात्यांपर्यंत चढतं. द्राक्षवाल्यांनी आणखी एक बघावं. पेट्यांत ठेवतो त्या ग्रेप गार्डमधून (बुरशी रोखणाऱ्या कागदांतून) सल्फर डायऑक्साइड सुटतो. तो ओलाव्यात मिसळला की आम्ल तयार होतं आणि तांब्या-ॲल्युमिनियमला खातं. आमच्या एका कॉइलच्या कडेला पांढरट भुकटी दिसू लागली आहे. हंगाम संपल्यावर कॉइल साध्या पाण्याने नीट धुवून, पंखे चालवून कोरडी करून ठेवायची, हे आता आमच्या यादीत आहे. नवीन युनिट घेणाऱ्यांनी फिनांवर कोटिंग असलेली कॉइल मागून घ्यावी.

विजेचं वेगळं सांगायला हवं, कारण खेडेगावात निम्मे बिघाड तिथूनच येतात. जानेवारीत गावातली डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळाली आणि नवी बसली. त्यानंतर प्रीकूलिंगला वेळ लागू लागला. कॉम्प्रेसर नीट, गॅस नीट, कॉइलवर मात्र बर्फ. फेजची अदलाबदल झाली होती आणि आतले थ्री-फेज पंखे उलटे फिरत होते. उलट्या पंख्यालाही थोडी हवा येते, म्हणून पटकन लक्षात येत नाही. ताडपत्रीखालच्या क्रेटमधून हवा ओढली जातेय का, हे कागदाचा कपटा धरून पाहिलं तेव्हा उलगडा झाला. आता पॅनेलमध्ये फेजचा क्रम बिघडला की युनिट सुरूच होऊ न देणारा रिले बसवलाय. वीज बराच वेळ गेली असेल तर कॉम्प्रेसर लगेच सुरू करायचा नाही, आधी क्रँककेसचा (कॉम्प्रेसरमधल्या तेलाच्या जागेचा) हीटर काही तास चालू ठेवायचा, हेही ऑपरेटरला भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून दिलंय. थंड तेलात गॅस मिसळलेला असतो. तसाच सुरू केला की तेल फेसाळून निघून जातं आणि बेअरिंग कोरडे पडतात.

आता तक्रारी. पहिली, माणूस दर फेरीला बदलतो. वरची गळती शोधणारा मुलगा हुशार आणि कष्टाळू. दुसऱ्या एका फेरीला आलेल्याने गेज न लावताच मागच्या महिन्याचे आकडे उतरवायला घेतले होते. मी शेजारी उभा होतो म्हणून ते थांबलं. देखभालीच्या वेळी आपला माणूस सोबत हवाच, सही करायची ती प्रत्येक आकडा बघून. दुसरी, ऐन मार्चमध्ये तातडीच्या फोनला दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर मिळालं. तोवर माल शेजारच्या स्टोअरमध्ये हलवावा लागला आणि भाडं आमच्याच माथी आलं. तिसरी, तापमानाचे सेन्सर तपासणं करारात धरलेलंच नव्हतं. बर्फाचा चुरा आणि पाणी एकत्र करून त्यात सेन्सर बुडवला की शून्य दाखवायला हवं. आमचा एक सेन्सर सव्वा अंश जास्त दाखवत होता. शून्याच्या रूमला एवढी चूक म्हणजे माल आपल्या समजापेक्षा थंड, आणि कॉइलजवळच्या पेट्या गोठण्याच्या जवळ.

दाराचं रबर आणि पट्ट्यांचा पडदा हेही करारात नाही. दारात नोट अडकवून दार लावायचं आणि ओढून बघायचं. सहज निघाली तर रबर गेलं. हे आम्हीच करतो आणि त्याला कंपनीची गरजही नाही.

करार दोन प्रकारचे मिळतात, फक्त मजुरीचा आणि सुट्या भागांसह. आमचा मजुरीचा होता. गॅस, ड्रायर, कॉन्टॅक्टर (मोटरची वीज चालू-बंद करणारा स्विच) यांचे पैसे वेगळे. नव्या युनिटांना हाच पुरतो असं माझं मत आहे. युनिट जुनी असतील तर भागांसहचा घ्यावा, पण त्यात कॉम्प्रेसर आणि गॅस धरलाय का, हे ओळ न ओळ वाचून घ्यावं.

यंदा नूतनीकरणाला आम्ही चार अटी घालतोय. जानेवारी ते एप्रिल बिघाडाला सहा तासांत माणूस, सगळ्या फेऱ्यांना शक्यतो तोच तंत्रज्ञ, आकड्यांच्या वहीची मूळ प्रत आमच्याकडे, आणि सेन्सरची तपासणी प्रत्येक मोठ्या सर्व्हिसला. पावसाळ्यानंतर एका रूममध्ये देवळ्याकडचं डाळिंब पाच अंशांच्या वर ठेवायचा विचार आहे, त्यामुळे तिथले डिफ्रॉस्ट आणि थर्मोस्टॅट पुन्हा लावून घ्यावे लागतील. मोठी सर्व्हिस मात्र सप्टेंबरमध्येच उरकायची, डिसेंबरवर ढकलायची नाही. एखादा भाग मागवावा लागला तर तो यायला वेळ लागतो, आणि खुडा सुरू झाल्यावर युनिट दोन दिवस बंद ठेवता येत नाही.