निवृत्तीनंतर बोटीवर राहायचं, तर जुनी बोट कुठली घ्यावी?

राहायला घेतलेली बोट चालते कमी आणि थांबून असते जास्त: नांगरावर, नाहीतर धक्क्याला. म्हणून आधी पायऱ्या बघा. शिडाच्या बोटीत केबिनमध्ये उतरायला चार-पाच उभ्या पायऱ्या असतात, आणि हातात चहाचा कप घेऊन दिवसातून वीसदा त्यावरूनच ये-जा करायची असते. ट्रॉलरमध्ये, म्हणजे मासेमारीच्या ट्रॉलरसारख्या घडणीच्या पण राहण्यासाठी बांधलेल्या इंजिनाच्या बोटीत, बैठक बहुधा डेकच्या पातळीला असते, बसल्याजागी बाहेरचं दिसतं. कॅटामरान म्हणजे शेजारी-शेजारी दोन सांगाडे (हल) जोडलेली बोट. तिच्यातही बैठक वरच, पण झोपायला बाजूच्या अरुंद हलमध्ये उतरावं लागतं.

समुद्रात मात्र शिडाची बोट सरस. ती एका बाजूला कलते खरी, पण कीलचं, म्हणजे तळाखालच्या जड पात्याचं, वजन आणि शिडावरचा वाऱ्याचा दाब यांमुळे सारखी हिंदकळत नाही. ट्रॉलरला स्टॅबिलायझर (डोलणं कमी करणारी यंत्रणा) नसतील तर आडव्या लाटांत तो असा डोलतो की भांडी आणि पोट दोन्ही जागेवर राहत नाहीत. कॅटामरान फारशी कलत नाही, पण समोरच्या लाटा तिच्या मधल्या तळावर धपाधप आदळतात. शिवाय एवढ्या रुंद बोटीला मरीनात, म्हणजे बोटी बांधून ठेवायच्या बंदरात, भाडं जास्त, तेही जागा मिळाली तर. जागा आधी पक्की होत नसेल तर तिचा नाद सोडा.

‘वारा फुकट असतो’ हे अर्धसत्य आहे. किनाऱ्याने जाताना तो हटकून समोरून येतो आणि इंजिन लावावंच लागतं. डोलकाठीला ताणून धरणाऱ्या तारा साधारण १० ते १५ वर्षांनी बदलाव्या लागतात, त्याचा खर्च डिझेलच्या हिशेबात कोणी धरत नाही. उलट ट्रॉलरला घाई सोसत नाही. पाण्यालगतची लांबी ३६ फूट असेल तर त्याची सोयीची कमाल गती ८ नॉटच्या (ताशी ८ सागरी मैलांच्या) आसपास. साडेसहावर समाधान मानलं तर ताशी डिझेल निम्म्यावर येऊ शकतं.

दोघांनी राहायचं आणि किनारा धरून हळूहळू फिरायचं असेल, तर मी एका इंजिनाचा ट्रॉलर घेईन. शिडाचं वेड असेल तर गोष्ट वेगळी. त्याला हिशेब लागू नाही.

जुन्या ट्रॉलरमध्ये दोन जागा घात करतात. पहिली सागवानी डेक. फळ्या स्क्रूने बसवलेल्या असतील तर त्या भोकांतून पाणी मुरतं आणि फायबरच्या दोन थरांमधलं लाकूड आतून कुजतं. छोट्या हातोडीने ठोकत जा. खणखणीत आवाज बद्द झाला की तिथे थांबा. दुसरी जागा लोखंडी डिझेल टाकी. ती गंजली, तर बदलण्यासाठी कधीकधी आधी इंजिन बाहेर काढावं लागतं, आणि मग स्वस्तात मिळालेली बोट हत्ती पोसल्यासारखी होते.

बोट पाण्याबाहेर काढून स्वतंत्र सर्वेक्षकाकडून तपासून घ्या. विकणाऱ्याने सुचवलेला माणूस नको. इंजिन थंड असताना सुरू करायला सांगा. तुम्ही पोहोचायच्या आधीच ते गरम असेल तर त्या दिवशी व्यवहाराचं बोलू नका, दुसऱ्या दिवशी पुन्हा या.